जुन्या डीआय पिकअपला हायड्रोबूस्ट : जळगावातल्या कामाच्या नोंदी

९ जानेवारी २०२४

गाडी : जुना बोलेरो पिकअप, २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिन, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क, मागे ड्रम. काम रावेर-यावल पट्ट्यातली केळी भरून चाळीसगावमार्गे कन्नड घाट चढायचा आणि परतीला मिळेल तो माल घेऊन उतरायचा. तक्रार एकच : भरल्या गाडीत ब्रेकचं पेडल दगड होतं. त्यावर केलेला उपाय हायड्रोबूस्ट, म्हणजे व्हॅक्यूमऐवजी पॉवर स्टिअरिंग पंपाच्या तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक बूस्टर.

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला (ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा डबा) पुरेल असा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून आल्टर्नेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो. बूस्टरच्या पाइपात गेज लावलं. आयडलला ४३० मिमी (पाऱ्याचे). दोनदा पेडल दाबलं की २५० वर, आणि परत चढायला बारा सेकंद. ६०० च्या वर हवा होता. दुसऱ्या गाडीचा चांगला आल्टर्नेटर तात्पुरता बसवला तर ६२० मिळाले आणि पेडल बरंच हलकं झालं.

इथंच स्पष्ट सांगतो : बहुतेक गाड्यांचं काम या टप्प्यावर संपतं. पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाइप आणि बूस्टरचा डायफ्रॅम नीट करा, हायड्रोबूस्टच्या वाटेला जाऊ नका. या गाडीत पुढं जायचं कारण वेगळं. पुढच्या कॅलिपरच्या एअर निपलला प्रेशर गेज लावून बघितलं, तर चांगल्या व्हॅक्यूमवरही ५५ बारपर्यंतच बूस्टर मदत करतो. तिथं त्याची ताकद संपते, पुढचं सगळं पायाचं. टनभर माल घेऊन उतरताना ती हद्द रोज ओलांडली जाते.

कागदाचं : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर बंधनं आहेत. पिकअपला फिटनेस लागतो, त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही आधी लेखी विचारून घ्या. पाना हातात घेण्याआधी.

१२ जानेवारी

नवीन काही बसवायच्या आधी जुनं घट्ट केलं. हायड्रोबूस्ट त्याच पायात जवळजवळ दुप्पट प्रेशर देतो. चाळीस-पन्नास बारवर जेमतेम तग धरणारा होज नव्वदला फुटतो.

तिन्ही फ्लेक्झिबल होज बदलले. वरून तडे दिसत नव्हते, वाकवल्यावर दिसले. मागचा डावा व्हील सिलिंडर ओला होता, दोन्ही बाजूंचे नवे टाकले. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारी स्टीलची नळी क्लिपाखाली गंजून पातळ झाली होती. ही जागा क्लिप काढल्याशिवाय दिसतच नाही. लायनर, अ‍ॅडजस्टर, कॅलिपरच्या पिना, नवं डॉट ३ ब्रेक ऑइल, सगळं मिळून ९,५०० रुपये.

१७ जानेवारी

हायड्रोबूस्टचं युनिट आणलं. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून, अमेरिकन पिकअपमधून निघालेलं. १४,००० रुपये. सील किट वेगळं मागवावं लागलं, ४,२००.

विकत घेताना बघायच्या गोष्टी : पेडलकडच्या रॉडभोवती तेलाचा ओघळ नको. मास्टर सिलिंडरकडच्या (पेडलच्या जोरावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा, पुढे नुसता 'मास्टर') तोंडात तेल साचलेलं नको. अ‍ॅक्युम्युलेटरच्या डब्यावर ठोकल्याचा किंवा गंजाचा खड्डा नको; इंजिन बंद पडलं तरी थोडे ब्रेक मिळतील इतका दाब हाच डबा साठवून ठेवतो. पुढचा पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) सोबत हवाच, तो सुटा मिळत नाही आणि अंदाजानं बनवलेला रॉड चालत नाही. प्रेशर पाइपची दोन तोंडं सारखी नाहीत. या युनिटवर एक १६ मिमी, एक १८ मिमी, दोन्ही दीड पिचचे आणि ओ-रिंगवाले. पंपाकडचं कुठलं आणि स्टिअरिंगकडचं कुठलं हे मूळ गाडीच्या चित्रावरून नक्की करून पेंटनं खूण केली. तिसरं तोंड रिटर्नचं, साध्या नळीचं.

अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाबाखाली गॅस असतो. तापवायचा नाही, वेल्डिंग जवळ आणायचं नाही, उघडायचा तर नाहीच. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तो व्हाइसमध्ये धरलेला बघून काम थांबवावं लागलं.

२१ जानेवारी

स्टिअरिंग पंपाची तपासणी. बूस्टर कितीही चांगला आणला तरी तो पंपाच्या ताकदीवरच चालतो. पंप आणि स्टिअरिंग बॉक्सच्या मधे ० ते २०० बारचं गेज आणि त्यापुढं बंद करायची चावी लावली. तेल गरम झाल्यावर आयडलला चावी बंद : ६२ बार. चावी पाच सेकंदांच्या वर बंद ठेवायची नाही, पंप जळतो.

६२ कमी पडतात. पंप उघडला, व्हेनच्या (आतल्या पात्यांच्या) कडा गोल झालेल्या, रिलीफ व्हॉल्व्हखाली (जास्तीचा दाब सोडणारा) कचरा. किट आणि व्हेन टाकून ८५ बार आले. २,९०० रुपये. रिलीफच्या स्प्रिंगखाली वायसर टाकून शंभरावर न्यायचा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. तसं करू नये. तेच प्रेशर स्टिअरिंग बॉक्सच्या सीलवर जातं, आणि तो बॉक्स त्यासाठी बनलेला नाही.

२५ ते २८ जानेवारी

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. व्हॅक्यूम बूस्टर रुंद आणि आखूड, हायड्रोबूस्ट अरुंद आणि लांब. कॅबिनच्या पत्र्यावरचे चार बोल्ट जुळत नाहीत, मास्टरचे दोन स्टडही जुळत नाहीत. म्हणजे प्लेटा दोन लागतात : एक पत्रा आणि बूस्टरच्या मधे, एक बूस्टर आणि मास्टरच्या मधे.

आधी पेडलचं गुणोत्तर मोजलं. पेडलच्या खिळीपासून पायाच्या रबराच्या मध्यापर्यंत २७२ मिमी, खिळीपासून पुशरॉडच्या पिनपर्यंत ६४. म्हणजे सव्वाचार. पॉवर ब्रेकला चारच्या आसपास हवं, त्यामुळे पेडलला हात लावला नाही. जुन्या बिनबूस्टरच्या गाडीत हे सहा-सात असतं, तिथं पिनची जागा बदलावी लागते, नाहीतर ब्रेक इतका नाजूक होतो की माल पुढे येतो.

पहिली प्लेट ६ मिमीची कापली होती. पेडलवर जोर दिला की मास्टर पुढं सरकताना दिसायचा. डायल गेज लावलं तर २.३ मिमी. यात प्लेटीचा दोष निम्मा, उरलेला कॅबिनच्या पत्र्याचा. व्हॅक्यूम बूस्टरचा जोर मोठ्या वर्तुळावर वाटला जातो, इथं जोर जास्त आणि बसायची जागा तळहाताएवढी. नवी प्लेट १० मिमी एमएसची (साध्या पोलादाची) केली, आणि कॅबिनच्या आतून ४ मिमीचा पत्रा पेडलच्या ब्रॅकेटपर्यंत नेऊन बोल्ट त्यातून पार केले. आता डायलवर ०.४. हे चालतं.

एमआयडीसीतल्या लेथवर दोन्ही प्लेटा, भोकं आणि पेडलकडचा क्लेविस (रॉड पेडलच्या पिनला जोडणारा दुबेळका) मिळून ३,८०० रुपये. क्लेविस करताना रॉड आणि पेडल सरळ रेषेत ठेवायचे. रॉड तिरका बसला तर बूस्टरच्या तोंडावरचं सील एका बाजूनं घासून काही महिन्यांत तेल कॅबिनमध्ये गळायला लागतं. पहिल्या जुळणीत आठ-नऊ अंशांचा तिरकेपणा होता. प्लेटीतली भोकं ७ मिमी खाली घेऊन तो दोनवर आणला.

३० जानेवारी

पुढचा पुशरॉड. मास्टरच्या पिस्टनमधल्या खोबणीची खोली फ्लँजपासून व्हर्नियरनं मोजली : ३१.० मिमी. बूस्टरच्या तोंडापासून, प्लेट धरून, रॉडचं टोक : ३०.८. कागदावर ०.२ मिमी मोकळीक. कमीत कमी अर्धा मिमी हवी. "चालून जाईल" म्हणून तसंच बसवलं गेलं. पुढची नोंद ७ फेब्रुवारीची वाचा.

२ फेब्रुवारी

होज. प्रेशरच्या दोन्ही नळ्या दोन जाळ्यांच्या हायड्रॉलिक होजच्या, तीन-आठ इंची, जेसीबीचे होज दाबून देणाऱ्या दुकानातून. तोंडं ओ-रिंगची असल्यामुळे मधे जोडतुकडे करून घ्यावे लागले. ५,६०० रुपये. होजची लांबी इंजिन थंड असताना आणि दोरी लावून मोजायची, एक्झॉस्टपासून चार बोटं लांब.

रिटर्नच्या नळ्या वेगळ्याच तेलाच्या रबराच्या घ्या. रेडिएटरच्या होजचा तुकडा एटीएफमध्ये (पॉवर स्टिअरिंगचं तेल) फुगून मऊ होतो.

बूस्टरचा रिटर्न आणि स्टिअरिंगचा रिटर्न टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकाच नळीनं स्टिअरिंग तेलाच्या डब्यात सोडला, कारण डब्याला तोंड एकच होतं.

व्हॅक्यूम पंपाचं काय करायचं? तो आल्टर्नेटरच्याच शाफ्टवर फिरतो, त्याला इंजिन ऑइल लागतंच. म्हणून ऑइलच्या दोन्ही नळ्या जागेवर ठेवल्या आणि हवा ओढायचं तोंड टोपीनं बंद केलं. उघडं ठेवलं तर तो सतत हवा आणि धूळ ओढून क्रँककेसमध्ये ढकलतो, मग डिपस्टिकमधून धूर दिसायला लागतो आणि लोक रिंगा गेल्या म्हणून इंजिन उतरवतात. तुमच्या गाडीत व्हॅक्यूमवर दुसरं काही चालत असेल तर ते आधी शोधा.

५ फेब्रुवारी

तेल भरणं. पॉवर स्टिअरिंगच्या डब्यात एटीएफ, ब्रेकच्या डब्यात डॉट ३. यांची अदलाबदल म्हणजे सगळ्या सीलांची माती : एटीएफनं ब्रेकची रबरं फुगतात, ब्रेक ऑइलनं स्टिअरिंगची सडतात. दोन्ही डबे आता शेजारी आले आहेत, म्हणून एका झाकणाला लाल रंग दिला आणि "ब्रेक ऑइल नाही" असं मोठं लिहिलं.

एअर काढायचा क्रम : पुढची चाकं उचलली. डबा भरला, दोन मिनिटं थांबलो. डिझेल बंद ठेवून (सोलेनॉइडची वायर काढून) स्टार्टर थोडा थोडा फिरवला, प्रत्येक वेळी डबा बघितला. मग इंजिन चालू, स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत, टोकाला धरून न ठेवता. इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा दाबून अ‍ॅक्युम्युलेटर रिकामा, परत तेल. हे तेल शांत दिसेपर्यंत.

ते शांत होईना. डब्यात ताकासारखा फेस, पंप ओरडतोय, आणि बाहेर कुठंही गळती नाही. डबा उघडा ठेवून तासभर थांबलं की फेस बसायचा, चालू केलं की परत. कारण डबा ते पंप ही ओढायची नळी. त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते, त्यामुळे ढिल्या क्लिपमधून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांध्याभोवती ग्रीस थापलं, ओरडणं थांबलं. नळी आणि क्लिप नवीन टाकली. एकूण तेल सव्वादोन लिटर.

७ फेब्रुवारी

आवारात पहिली चाचणी. आधी उभ्या गाडीची : इंजिन बंद, पेडल कडक होईपर्यंत दाबलं, दाबून धरलं, इंजिन चालू केलं. पेडल खाली गेलं आणि लगेच पायाला थोडं वर ढकललं. असंच व्हायला हवं. व्हॅक्यूमची सवय असलेल्याला हा धक्का दोष वाटतो.

चालवल्यावर दोन गोष्टी बिघडल्या.

एक. स्टिअरिंग झटकन वळवलं की ब्रेक आपोआप लागायचा. चाक उचलून हातानं फिरवत दुसऱ्यानं स्टिअरिंग वळवलं, तेव्हा स्पष्ट कळलं. दोष त्या टीचा. स्टिअरिंगमधून परतणारं तेल अरुंद नळीत दाटतं, तो उलटा दाब बूस्टरच्या रिटर्नमधून आत शिरतो आणि बूस्टरला वाटतं पाय ठेवलाय. डबा उतरवून रिकामा करून धुतला, दुसरं निपल वेल्ड केलं, तेलाच्या पातळीच्या खाली. वर केलं असतं तर धार पडून पुन्हा फेस. आता दोन्ही रिटर्न वेगळे. तोंड एकच असेल तर डबाच बदला, टीच्या नादी लागू नका.

दोन. चार किलोमीटर फिरल्यावर पुढची चाकं जाम व्हायला लागली, डिस्कचा वास. अशा वेळी कॅलिपर उघडायची घाई करू नये. गाडी जॅकवर घेऊन मास्टरचे दोन नट दोन सूत सैल केले : चाकं मोकळी. म्हणजे दोष पुशरॉडचा. (नट सैल करूनही मोकळी झाली नसती तर एअर निपल उघडून बघायचं. तेल पिचकारलं आणि चाक सुटलं तर होज आतून बंद, नाहीतर कॅलिपर.) ०.२ मिमीची मोकळीक गरम झाल्यावर संपली, मास्टरमधलं परतीचं बारीक भोक झाकलं गेलं, तापलेलं ब्रेक ऑइल डब्यात जायला वाट नाही. मास्टरखाली ०.५ मिमीची शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) टाकून मोकळीक ०.७ केली. शिम पूर्ण फ्लँजच्या आकाराची कापा. नुसत्या दोन वायसरी टाकल्या तर मास्टर तिरका बसतो.

९ फेब्रुवारी

वीस किलोमीटर, चाकं गार. स्टिअरिंग वळवताना ब्रेक नाही. कॅलिपरवर तेवढ्याच पायात ९५ बार.

इंजिन बंद पडलं तर? स्टिअरिंग टोकाला काही सेकंद धरून अ‍ॅक्युम्युलेटर भरला, इंजिन बंद करून तासभर सोडलं. त्यानंतर दोन ब्रेक पूर्ण मदतीचे मिळाले, तिसरा अर्धा, चौथ्यापासून सगळा जोर पायाचा. पहिलाच ब्रेक कडक लागला असता तर अ‍ॅक्युम्युलेटर गेला समजून युनिट परत केलं असतं.

१५ फेब्रुवारी

रिकाम्या गाडीत मागची चाकं घसरतात. मुरमाच्या आवारात मागचा भाग सरळ बाजूला येतो. मागच्या अ‍ॅक्सलवर लोड बघून प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे, त्याचा दांडा कोणीतरी तारेनं "फुल लोड"च्या जागी बांधून ठेवलेला. कारणही कळलं : आपल्याकडं केळीवाले मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पान टाकतात. गाडी उंच बसते, व्हॉल्व्हला ती भरूनही रिकामी वाटते, मागचा ब्रेक लागत नाही, मग कोणी तार बांधतो. कमजोर बूस्टरमध्ये तार खपून गेली. हायड्रोबूस्टमध्ये ती जिवावर येईल.

तार काढली, दांड्याचं बुश बदललं, जादा पानाइतकी उंची धरून दांड्याची लांबी पुन्हा लावली. रिकाम्या गाडीत आता पुढची चाकं आधी धरतात. तसंच हवं.

२ मार्च

कन्नड घाट, कन्नडकडून चाळीसगावच्या बाजूला उतार. सिमेंटच्या २२ गोण्या, ११०० किलो. पेडल वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, एका लयीत. चालकाचं मत तीन शब्दांत : "आते ब्रेक शे." (अहिराणीत : आता ब्रेक आहे.)

त्याला तिथंच एक गोष्ट बजावली. बूस्टरनं पाय हलका होतो, लायनर गार होत नाही. पाय हलका झाल्यामुळे चालक टॉप गिअरमध्ये ब्रेकवर गाडी सोडून देतो, आणि पॅड पूर्वीपेक्षा लवकर तापतात. उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच.

आढळलेली त्रुटी : आयडलला, पाय ब्रेकवर असताना स्टिअरिंग जड. बाजार समितीत गाडी लावताना त्रास. पंप एकच, तेल आधी बूस्टरमधून आणि मग स्टिअरिंगला. आयडल ७५० वरून ८५० केला, बेल्ट ताणला. पूर्ण गेलं नाही, कमी झालं.

१८ एप्रिल

ऊन वाढलं तसं तेल तापायला लागलं. दुपारी भुसावळ रोडला, भरलेली गाडी, मंद रहदारी : डब्यावर १०८ अंश. तेल काळपट, वास जळका. स्टिअरिंगच्या रिटर्नमध्ये पत्र्याच्या बारीक फिन असलेल्या नळीचा छोटा कूलर टाकून रेडिएटरपुढे बसवला, तेल बदललं. आता ८४ च्या आसपास. कूलर १,८०० रुपये, आतापर्यंतचं तेल १,९००. कूलर बूस्टरच्या रिटर्नमध्ये टाकू नका, तिथं अडथळा नकोच. ७ फेब्रुवारीचं दुखणं परत येतं.

एकूण पार्ट आणि बाहेरची कामं ४३,७०० रुपये, गॅरेजची मजुरी सोडून.

२४ मे

तपासणी. बूस्टर कोरडा, कॅबिनमध्ये तेल नाही. पंपाच्या शाफ्टच्या सीलमधून बारीक पाझर, तो बेल्टवर उडतो आणि बेल्ट काचेसारखा गुळगुळीत झालाय. पूर्वी हा बेल्ट तुटला तर फक्त स्टिअरिंग जड व्हायचं. आता स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची मदत एकदम जाते, हातात उरतात अ‍ॅक्युम्युलेटरमधले दोन-अडीच ब्रेक. सील आणि बेल्ट आजच बदलले. अंगठ्यानं दाबल्यावर बेल्ट १० मिमी दबेल इतका ताण. त्याच मापाचा दुसरा बेल्ट आणि तो बदलायला लागणारे पाने सीटमागे बांधून दिले, आणि दर पंधरा दिवसांनी बेल्ट आणि दोन्ही डबे बघायचे असं चालकाच्या वहीत लिहून दिलं.